बियाची शिदोरी

आखाडा बाळापूर हे हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातले मोठे गाव. नांदेडहून हिंगोलीला जाताना ते वाटेत लागते. भोवतालची जमीन काळी आणि कसदार आहे. तिच्यात हळद होते, कापूस होतो, सोयाबीन होते. रब्बीला गहू, हरभरा, ज्वारी होते.

मग एक प्रश्न मनात येतो. ज्या जमिनीत हळद एवढी जोमाने वाढते, त्याच जमिनीत मिरचीचे बी का सडते? टाकले शंभर, उगवले चाळीस. त्यातलीही निम्मी रोपे एका रात्रीत आडवी झाली. असे का व्हावे?

लोक म्हणतात, "बीच खोटं निघालं." कधी कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा बी चांगले असते आणि आपली रीत चुकते. नुसते बियाला, दुकानदाराला, नशिबाला बोल लावून पाकिटाचे पैसे परत येत नाहीत. हंगाम तर मुळीच परत येत नाही.

म्हणून या पाठात आपण बारीक बियांची रोपे घरी, ओसरीवर कशी करायची ते पाहू. मिरची, वांगी, टोमॅटो आणि झेंडू यांची रोपे आधी पाहू. नंतर पेटुनिया नावाच्या फुलझाडाची पाहू. त्याचे बी या सगळ्यांत बारीक. ज्याला पेटुनियाचे रोप साधले, त्याला बाकीची रोपे जड जाणार नाहीत.

शिदोरी किती, त्यावर सगळे

लांबच्या वाटेला निघताना आपण भाकरी बांधून घेतो. बियाचेही तसेच आहे. प्रत्येक बियाच्या पोटात थोडे अन्न साठवलेले असते. ती त्याची शिदोरी. जमिनीखालून वर यायचे, उजेडात पान उघडायचे, तोवर बी या शिदोरीवरच जगते. पान हिरवे झाले की ते स्वतः अन्न तयार करू लागते. मग शिदोरी सरली तरी चालते.

आता ही शिदोरी कोणाजवळ किती असते ते पाहा. हळदीला आपण जेठे गड्डे लावतो. एकेक गड्डा मुठीत धरण्याजोगा. म्हणजे जवळ भाकरीचे गाठोडेच. तो ढेकळातून, चिखलातून, भेगांतून वाट काढतो. सोयाबीनचे एका ग्रॅममध्ये ८ ते १० दाणे बसतात. ज्वारीचे ३० ते ३५ दाणे बसतात. मिरचीचे बी एका ग्रॅममध्ये १५० ते २०० भरते. टोमॅटोचे ३०० च्या आसपास भरते. आणि पेटुनियाचे? सुमारे १०,०००!

एवढ्याशा बियाजवळ शिदोरी ती किती असणार? दोन घासांची. ते बी बोटभर खोल गेले, तर वर येण्याआधीच उपाशी मरते. वर मातीचा कडक पापुद्रा आला, तर त्याला तो फोडता येत नाही. एक दिवस माती वाळली, तर मोड सुकतो. एक दिवस पाणी साचले, तर तो कुजतो.

तेव्हा हे पक्के ध्यानात घ्या. बी जितके बारीक, तितकी त्याची राखण जास्त. खोली, माती, पाणी, उजेड यांचे पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

रान सोडून ओसरी का?

काळी माती भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. बारीक बियाला ही दोन्ही संकटे. शिवाय जून-जुलैत पावसाची एक जोरदार सर आली, तर वरवरचे बी वाहून तरी जाते किंवा चिखलात गाडले तरी जाते. मे महिन्यात ऊन त्याला भाजते. थंडीत रात्री गारठा पडतो, तेव्हा मिरची, वांगी फार हळू उगवतात.

ओसरीवर पाऊस मारत नाही. दुपारचे ऊन टळते. येता-जाता नजर राहते. आणि ज्याला गुंठाभरही जमीन नाही, त्याच्याही घराला बसा-उठायची जागा असतेच.

जागा किती लागेल? बाजारात रोपांसाठी प्लॅस्टिकचे ट्रे मिळतात. पुष्कळ ट्रेंना ९८ खळगे असतात. असे ८ ट्रे एका बाजेएवढ्या जागेत मावतात. त्यांत ७८४ रोपे होतात. आता हिशेब करू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. झेंडू दीड फूट बाय एक फूट अंतराने लावला, तर गुंठ्याला सुमारे ७२५ रोपे लागतात. म्हणजे बाजेएवढ्या ओसरीवर एका गुंठ्याची रोपे तयार होतात. पाच-पन्नास मेली तरी भागते.

ट्रे नसला तरी अडत नाही. तेलाचा डबा आडवा कापून घ्या. पसरट कुंडी घ्या. फुटक्या माठाचे बूडही चालते. फक्त तळाला भोके हवीत. भोके नसली तर पाणी साचेल आणि मुळे गुदमरतील. मुळांनाही हवा लागते.

माती कशी करावी?

निव्वळ काळी माती घेऊ नका. एक टोपले चाळलेली माती, एक टोपले वाळू आणि एक टोपले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घ्या. तिन्ही नीट कालवा. वाळूने पाणी निथळते. खताने ओल टिकते. खत मात्र मुरलेले हवे. कच्च्या शेणाची उष्णता कोवळ्या मुळांना सोसत नाही. ट्रे भरायला नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट वापरले तरी चांगले.

मातीत डोळ्यांना न दिसणारी बुरशी असते. तिचा बंदोबस्त उन्हाळ्यातच करावा. एप्रिल-मेच्या कडक उन्हात माती ओली करून पसरा. वर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद घट्ट झाका. कडा मातीने दाबा. चार ते सहा आठवडे तसेच राहू द्या. आत एवढी उष्णता कोंडते की पुष्कळशी बुरशी आणि तणाचे बी मरून जाते. खर्च फक्त कागदाचा, बाकी काम ऊन फुकट करते.

पेरावे कसे?

साधा नियम असा. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे, त्याहून खोल नको. मिरची, वांगी, टोमॅटो यांना अर्धा सेंटिमीटर पुरते. हाताच्या करंगळीच्या नखाएवढी खोली समजा. झेंडूचे बी काडीसारखे लांब असते. ते आडवे टाकून वर पातळ मातीची चाळण धरावी.

ट्रेच्या एका खळग्यात एकच बी टाका. डब्यात पेरायचे असेल तर ओळीने, सुटे सुटे टाका. दाट पेरले तर रोपे एकमेकांच्या उरावर वाढतात, उंच आणि नाजूक होतात.

पेरल्यावर वाट किती बघायची? झेंडू ४ ते ७ दिवसांत वर येतो. टोमॅटो ५ ते ८ दिवस घेतो. वांगी ७ ते १० दिवस घेतात. मिरची ८ ते १४ दिवस घेते. गारठा असला तर आणखी उशीर. म्हणून चौथ्या दिवशी माती उकरून बघू नका. मोड तुटतो.

मुंग्यांचेही ध्यान ठेवा. झेंडूचे, मिरचीचे बी त्या ओढून नेतात. बाजेवर ट्रे ठेवले असतील, तर बाजेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. कोंबड्यांसाठी वर जाळी हवी.

पाणी वरून नको, खालून द्या

तांब्याने धार धरली की बारीक बी जागचे हलते. झारी बारीक असेल तर ठीक. त्याहून चांगला उपाय घरातच आहे. परातीत दोन बोटे पाणी घ्या. त्यात भोकांचा डबा ठेवा. थोड्या वेळात वरची माती ओली दिसू लागते. पाणी वर कसे चढले? दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी मातीच्या कणांमधली बारीक फट पाणी वर ओढते. वरचा थर ओला झाला की डबा लगेच काढा. रात्रभर पाण्यात ठेवू नका.

पाणी सकाळी द्यावे. संध्याकाळी दिले तर रात्रभर पाने आणि माती ओली राहते. बुरशीला तेच हवे असते.

उजेड

नवरात्रात आपण घटाभोवती धान्य पेरतो. देवघरात उजेड कमी असतो. नऊ दिवसांत ते धान्य कसे होते? पिवळे, लांब आणि लुसलुशीत. ते रोप उजेड शोधत असते. "उजेड वर असेल, वर असेल," म्हणून ते जवळची सगळी शिदोरी उंच होण्यातच खर्च करते. गव्हाजवळ शिदोरी बरी असते म्हणून तो नऊ दिवस तग धरतो. मिरची किंवा पेटुनिया असती, तर पडून मेली असती.

म्हणून मोड दिसला, की त्याच दिवशी ट्रे उजेडात आणा. उजेड म्हणजे दुपारचे कडक ऊन नव्हे. सकाळचे कोवळे ऊन दोन-तीन तास, आणि दिवसभर भरपूर उजेड. रोपे एका बाजूला कलू लागली, तर ट्रे रोज फिरवून ठेवा.

रोपे एका रात्रीत का पडतात?

सकाळी पाहावे तर रोपे मातीलगत कापल्यासारखी आडवी झालेली. नजर लागली असे कुणी म्हणते. पण हे काम नजरेचे नाही, मातीतल्या बुरशीचे आहे. याला रोपांची मर म्हणतात. माती सतत ओली, रोपे दाट, हवा कोंदट, असे झाले की बुरशी देठाला धरते. देठ बुडाशी मऊ पडतो आणि रोप कोसळते.

पडलेले रोप उभे राहत नाही. ते मातीसकट काढून लांब टाका. पाणी दोन दिवस आवरा. हवा खेळू द्या. पुढच्या वेळी पेरण्याआधी खतात ट्रायकोडर्मा मिसळा. ट्रायकोडर्मा ही आपल्या बाजूची बुरशी आहे. ती रोग करणाऱ्या बुरशीला वाढू देत नाही. ती कुठे मिळेल, किती घ्यावी, हे विचारायला लांब जायला नको. कळमनुरी तालुक्यातच तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीला १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे. विचारायला लाजू नये.

दुसरे भय पांढऱ्या माशीचे आणि फुलकिड्यांचे. हे किडे कोवळ्या मिरची-टोमॅटोचा रस शोषतात. पांढरी माशी रोगही पसरवते. पाने आक्रसून चुरडा-मुरडा होतो. लहानपणी रोग लागलेले रोप पुढे कितीही खत घातले तरी नीट होत नाही. म्हणून रोपांवर बारीक छिद्रांची जाळी ताणून ठेवावी.

सर्वांत बारीक बी : पेटुनिया

पेटुनिया हे थंडीतले फुलझाड आहे. फूल कर्ण्यासारखे असते. रंग पांढरा, गुलाबी, जांभळा, लाल. शाळेच्या, दवाखान्याच्या अंगणात तुम्ही ते पाहिले असेल. शहरातल्या रोपवाटिका हिवाळ्यात त्याची रोपे पिशव्यांतून विकतात.

हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. तिकडच्या एका भाषेत तंबाखूला जो शब्द होता, त्यावरून त्याला हे नाव पडले. पेटुनिया, तंबाखू, मिरची, टोमॅटो, बटाटा आणि वांगी ही सगळी एकाच कुळातली झाडे. यांतली वांगी आपल्याकडची, बाकीची पाहुणी. पाहुणी म्हणावे तर मिरचीवाचून आज आपले जेवण होत नाही. दसऱ्याचा झेंडूही मूळचा अमेरिकेतल्या मेक्सिकोचा. पाहुणे असे घरचे होऊन जातात.

पेटुनिया पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरावा. रीत अशी :

१. पसरट कुंडीत चाळलेली, बारीक माती भरा. परातीत ठेवून आधी भिजवून घ्या. बी टाकल्यावर पाणी द्यायचे नाही, म्हणून आधीच द्यायचे.

२. चिमूटभर बी चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा. मग मिठासारखे भुरभुरा. म्हणजे ते एका जागी पडत नाही.

३. वर माती टाकू नका. हे फार महत्त्वाचे. पेटुनियाच्या बियाला उगवायला उजेड लागतो. उजेड जाणवला म्हणजे ते समजते, आपण वरच आहोत, आता निघायला हरकत नाही. खोल असताना निघाले तर शिदोरी पुरणार नाही. निसर्गाने त्याला एवढी अक्कल दिली आहे. आपण फक्त तळहाताने हलके दाबावे.

४. कुंडीवर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक झाका, म्हणजे ओल टिकते. उजेडात ठेवा, पण उन्हात नको. उन्हात काचेखाली बी शिजते.

५. सात ते बारा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. दिसले की झाकण रोज थोडे थोडे सरकवून दोन-तीन दिवसांत काढून टाका.

६. पहिली दोन पाने ही खरी पाने नव्हेत. त्यानंतर येतात ती खरी. अशी दोन-तीन खरी पाने आली की रोपे काडीने उचलून एकेका पिशवीत लावा. उचलताना पान धरा, देठ धरू नका. पान तुटले तर दुसरे येते, देठ चेंगरला तर रोप मेले.

७. रोप चार बोटे झाले की शेंडा खुडा. मग फांद्या फुटतात आणि फुले पुष्कळ येतात.

पेरल्यापासून दहा-बारा आठवड्यांनी फूल येते. मग उन्हाळा तापेपर्यंत अंगण फुललेले राहते.

रोप घराबाहेर काढताना

ओसरीवर वाढलेले रोप लाडावलेले असते. ते एकदम रानात लावले तर उन्हाने मान टाकते. लावणीआधी आठवडाभर त्याला सवय लावावी. पहिल्या दिवशी तासभर ऊन, दुसऱ्या दिवशी दोन तास, असे वाढवत जावे. पाणी थोडे कमी करावे. म्हणजे देठ कणखर होतो.

झेंडू आणि टोमॅटो २५ ते ३० दिवसांत लावणीला येतात. वांगी ३० ते ४० दिवसांत येतात. मिरची ३५ ते ४५ दिवस घेते. लावणी संध्याकाळी करावी. रात्रभरात रोप सावरते. झेंडू दसऱ्याला हवा असेल, तर सणाच्या सुमारे तीन महिने आधी बी टाकावे. दसरा दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. कॅलेंडर बघून उलटे मोजावे.

पाकीट वाचा

आता तुम्हाला वाचता येते. त्याचा पहिला उपयोग दुकानात करा. बियाणे कायदा १९६६ साली झाला. पाकिटावर काय लिहिलेले असावे, याचे नियम त्याने आले. पाकीट घेताना जातीचे नाव, उगवणीचा टक्का आणि मुदत वाचा. मिरचीच्या बियाची उगवण कमीत कमी ६० टक्के, टोमॅटो आणि वांग्याची ७० टक्के असावी, असे ठरलेले आहे. मुदत संपलेले बी घेऊ नका. पावती मागून घ्या आणि पाकिटासकट जपून ठेवा. बी खोटे निघाले तर तक्रारीला हाच पुरावा.

पाकिटावर 'संकरित' असे लिहिले असेल, तर त्या झाडाचे बी पुढच्या वर्षी धरू नका. त्यातून एकसारखी झाडे येत नाहीत. घरचे बी धरायचे असेल तर मिरचीची पुसा ज्वाला, झेंडूची पुसा नारंगी यांसारखी सुधारित जात घ्या. निरोगी झाडाचे, पूर्ण पिकलेले बी घ्या. सावलीत वाळवा.

रंग लावलेले बी दिसले तर समजा, त्याला औषध लावलेले आहे. हाताळल्यावर हात साबणाने धुवा. पोराबाळांच्या हाती देऊ नका.

आणि दुसरा उपयोग लिहिण्याचा. एका चिठ्ठीवर बियाचे नाव, जात आणि पेरल्याची तारीख लिहा. चिठ्ठी काडीला बांधून ट्रेमध्ये खोवा. बी कधी उगवले, किती उगवले, किती मेले, ते वहीत मांडा. शंभर टाकली आणि ऐंशी उगवली, तर बी चांगले. ऐंशी उगवली आणि चाळीस मेली, तर पाणी जास्त झाले असेल किंवा उजेड कमी पडला असेल. दोष कुठे आहे ते वही सांगेल. पुढच्या वर्षी बी टाकण्याआधी ती उघडून वाचा.